मधल्या स्विचला गिटार नाकात का बोलते?

प्रश्न : माझे थोरले काका बोटीवर नोकरीला होते. त्यांनी अमेरिकेतून आणलेली गिब्सन ईएस-३४५ गिटार आता माझ्याकडे आहे. साध्या वायरीवर तिचा एकच पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबकी भाग) वाजायचा, म्हणून एका मेकॅनिककडून ती मोनो करून घेतली. आता दोन्ही पिकअप वेगवेगळे खणखणीत वाजतात, पण स्विच मध्ये ठेवला की सर्दी झाल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, मानेकडचा पिकअप गेलाय, नवा टाकू. टाकू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच टाकू नका. गेलेला पिकअप एकटा खणखणीत वाजला असता का? मीटर लावून बघा, सात-आठ किलोओहम दाखवला तर तो ठणठणीत आहे.

३४५ आली १९५९ मध्ये, आणि ती स्टिरिओ होती. एक पिकअप एका अॅम्पला (अॅम्प्लिफायरला), दुसरा दुसऱ्या अॅम्पला. साधी वायर घातली की एक पिकअप थेट अर्थला जातो, म्हणून तुम्हाला एकच ऐकू यायचा. आता खरी मेख. या मॉडेलमध्ये एका पिकअपचा चुंबक कारखान्यातच उलटा बसवलेला असे. दोन अॅम्पवर ते खपून जाई, पण मोनो करून दोघांना एका वायरीत कोंबलं की ते एकमेकांचा खर्ज खातात. उरतो तो नाकातला आवाज.

खात्री करायची तर काकांच्या सामानात होकायंत्र असेलच. ते दोन्ही पिकअपच्या स्क्रूंच्या रांगेवर आळीपाळीने धरा. एकीकडे सुईचं एक टोक ओढलं गेलं आणि दुसरीकडे दुसरं, तर निदान पक्कं.

वायरी उलट जोडून हे सुटत नाही. या पिकअपच्या वायरीवरची जाळी हीच अर्थ असते आणि ती धातूच्या झाकणाला डाखलेली असते. उलटी जोडलीत तर झाकणच जिवंत होईल आणि गिटार गुणगुणत बसेल. चुंबक फिरवणं हाच सरळ उपाय. पण त्यासाठी झाकणाचा मूळ डाख उघडावा लागतो, आणि जुनी गिटार विकत घेणारा माणूस आधी तोच डाख बघतो.

माझं ऐकाल तर मोनो करताना काढलेला जॅक आणि आवाजाचा पोत बदलणारा सहा खाच्यांचा व्हॅरिटोन स्विच मेकॅनिककडून मागून घ्या आणि गिटार पुन्हा स्टिरिओ करा. दोन अॅम्प नसतील तर मोनोच ठेवा आणि मधल्या स्विचला एक व्हॉल्यूम सातवर आणा, खर्ज बराचसा परत येतो. शून्यावर नेलात तर दोन्ही पिकअप गप्प होतील. तो बिघाड नव्हे, गिब्सनची नेहमीची वायरिंगच तशी आहे. आणि तो नाकातला आवाज आवडायला लागला तर ठेवून द्या. फ्लीटवुड मॅकचा गिटारवादक पीटर ग्रीन याच्या गिब्सन लेस पॉल गिटारमध्येही एक चुंबक उलटाच होता, लोक आजही त्या आवाजाच्या मागे लागतात.

काम कोणालाही द्या, पण एवढं सांगा : पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे भाग) बाहेर काढण्याआधी प्रत्येकाच्या दांड्याला नायलॉनचा दोरा बांध. या गिटारीला पाठीमागे झाकण नसतं, सगळं एफच्या आकाराच्या भोकातून आत-बाहेर करावं लागतं. पहिल्या वेळी मी दोरा बांधला नव्हता. चार पॉट पोटात लोंबकळत होते आणि मी सायकलच्या स्पोकने ते शोधत संध्याकाळपर्यंत बसलो होतो. पॉट बाहेर आलेच तर त्यांच्या पाठीवरचा आकडा लिहून घ्या. १३७६६३३ असा असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, पुढे १९६६ सालचा तेहतिसावा आठवडा. पॉट मूळचे असतील तर गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही. नंतरची असू शकते.

प्रश्न : माझ्या १९६७ च्या ईएस-३३५ ला ऑनलाइन मागवलेला ब्रिज (तारा टेकतात ती धातूची पट्टी) बसत नाही. भोकं मोठी करू का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ड्रिल खाली ठेवा. जुन्या ब्रिजचे खांब सुमारे साडेतीन मिलिमीटरचे, इंची आट्यांचे. तुम्ही मागवलेला बहुधा चार मिलिमीटरचा मेट्रिक असणार. मागवताना जुन्या ब्रिजचं मॉडेल आणि आटे, म्हणजे 'एबीआर-१, इंची आटे' असं स्पष्ट लिहा. त्याआधी जुना ब्रिज का काढताय ते बघा. तो फक्त खुळखुळत असेल तर ब्रिजचे छोटे तुकडे धरून ठेवणारी वरची बारीक तार (वाजवायची नव्हे) सैल झालेली असते. ती काढून थोडी वाकवा आणि परत बसवा.