'कॉलेजिएट' म्हणजे कॉलेज नव्हे

प्रश्न : माझी नात कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, जेमतेम सात-आठ हजार वस्तीच्या एका गावी नववीत दाखल झाली आहे. शाळेच्या पाटीवर 'डिस्ट्रिक्ट कॉलेजिएट इन्स्टिट्यूट' असे लिहिलेले आहे. शाळेच्या नावात कॉलेज कशाला? शिवाय तिने पाठवलेल्या छायाचित्रात एक जुनी दुमजली विटांची इमारत आणि तिला चिकटलेली सपाट छपराची लांबलचक बाजू दिसते. या शाळेचा इतिहास कसा असावा?
– एक वाचक आजोबा

उत्तर : त्या एका शाळेची कागदपत्रे आमच्यासमोर नाहीत, परंतु आपण पाठवलेली पाटी आणि छायाचित्र यांवरूनच बरेच काही सांगता येते, कारण ऑन्टॅरिओतील गावोगावच्या हायस्कुलांची वाटचाल पुष्कळशी सारखीच आहे.

'कॉलेजिएट' हा पाटीवरचा सर्वांत जुना शब्द. या प्रांतात १८०७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला एक याप्रमाणे आठ सरकारी शाळा मंजूर झाल्या आणि शिक्षकासाठी वर्षाला १०० पौंडांची तरतूद झाली. याच परंपरेतल्या शाळांना पुढे ग्रामर स्कूल म्हणू लागले. तेथे फी भरून, लॅटिन-ग्रीक घोकून मुले वकिली, धर्मसेवा किंवा विद्यापीठ यांच्या वाटेला लागत; शेतकऱ्याच्या मुलाला या शाळांचा फारसा उपयोग नव्हता. १८४४ ते १८७६ या काळात प्रांताच्या शिक्षणखात्याची सूत्रे एगर्टन रायर्सन यांच्याकडे होती. त्यांच्या कारकिर्दीतल्या १८७१ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत केले, सात ते बारा वर्षांच्या मुलांना वर्षातून किमान चार महिने शाळेत जाणे बंधनकारक केले आणि ग्रामर स्कूलला 'हायस्कूल' हे नाव दिले. त्याच कायद्यात एक वरची पायरीही ठेवली होती : ज्या शाळेत पूर्णवेळ चार शिक्षक असतील आणि लॅटिन किंवा ग्रीक शिकणाऱ्या मुलांची रोजची सरासरी हजेरी साठाहून कमी नसेल, तिला 'कॉलेजिएट इन्स्टिट्यूट' म्हणवून घेता येई व वर्षाला ७५० डॉलर जादा अनुदान मिळे. म्हणजे हा शब्द कॉलेजचा नसून दर्जाचा, आणि खरे तर अनुदानाचा आहे.

यातली साठ मुले म्हणजे साठ मुलगेच, हे कायद्यात स्पष्ट होते. त्याला कारण घडले होते. १८६५ पासून ग्रामर स्कूलचे अनुदान लॅटिन शिकणाऱ्यांच्या हजेरीशी जोडलेले होते, तेव्हा शाळांनी मुलींनाही भराभर लॅटिनच्या वर्गात बसवून पटावरचा आकडा वाढवला, आणि तपासणी अधिकारी जॉर्ज पॅक्स्टन यंग यांनी त्याबद्दल आपल्या अहवालांत नाराजी नोंदवली. मुलींना लॅटिन यावे अशी कोणाची मनापासून इच्छा होती असे दिसत नाही. तरी अनुदानाच्या लोभाने का होईना, वरच्या शिक्षणाचे दार त्यांना किलकिले झाले, हे आम्हाला या साऱ्या हकिगतीतले सर्वांत गमतीचे वाटते. पुढे लॅटिनची अट मागे पडली, 'कॉलेजिएट' ही प्रतिष्ठा मात्र गावांनी सोडली नाही.

पाटीवरचा 'डिस्ट्रिक्ट' बराच अलीकडचा. १९१९ मध्ये संमत होऊन १९२१ पासून अमलात आलेल्या कायद्याने शाळा सोडण्याचे वय सोळावर नेले, त्यामुळे खेड्यापाड्यांतली मुले हायस्कुलात येणे क्रमप्राप्त झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर आसपासच्या गावांचे मिळून हायस्कूलचे जिल्हे बनवण्यात आले, आणि पिवळी बस शेतवाडीच्या फाटकापाशी थांबून मुले गोळा करू लागली. शाळा गावात राहिली, पण ती एकट्या गावाची उरली नाही.

सपाट छपराच्या बाजूचा बहुधा १९६० नंतरच्या लाटेशी संबंध असावा. त्या वर्षी केंद्र सरकारने तांत्रिक शिक्षणासाठी कायदा करून इमारत व यंत्रसामग्रीच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत भार उचलण्याची तयारी दाखवली, आणि जुन्या विटांच्या इमारतींना मोटारदुरुस्ती, वेल्डिंग, सुतारकाम यांच्या कार्यशाळा जोडल्या जाऊ लागल्या. छायाचित्रात मागच्या बाजूला वर सरकणारे रुंद दार दिसत असेल, तर आमचा अंदाज पक्का समजावा.

आपल्या पिढीला तिथल्या 'तेरावी'बद्दलही कुतूहल असेल. विद्यापीठाकडे जाणाऱ्यांसाठी हे नववीपासून धरलेले हायस्कूलचे पाचवे वर्ष असे आणि त्याची प्रांतिक परीक्षा १९६७ पर्यंत चालली. पाचवे वर्ष मग वेगळ्या नावाने टिकले, आणि २००३ मध्ये ते संपले तेव्हा जुन्या व नव्या अभ्यासक्रमाच्या दोन तुकड्या एकाच उन्हाळ्यात शाळेबाहेर पडल्या. नातीचे शिक्षण बारावीलाच संपेल.

लहान गावातल्या शाळेची थोरवी पाहायची तर ऑन्टॅरिओतल्याच अॅलिस्टन येथील उदाहरण आहे. इन्शुलिनच्या शोधाबद्दल १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रेडरिक बँटिंग याच गावाजवळच्या शेतवाडीवर वाढले व तेथल्याच हायस्कुलात शिकले; आजचे हायस्कूल त्यांच्या नावाने ओळखले जाते.

नातीला जुन्या इमारतीच्या दारांवरचे दगड पाहायला सांगा. मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगळी दारे असत व तसे शब्द वर कोरलेले असत. ते दिसले तर, कोणत्या बाजूला काय आहे, ते आम्हालाही अवश्य कळवा.