गरोदरपणाच्या २९व्या आठवड्यातच जन्मलेलं पोरगं पहिलीत जातंय?

ताई, आधी घाबरणं सोडा. माझीही २९ आठवड्यांचीच. आता जळगावात पाचवीत आहे.

३२ आठवड्यांआधी आलेल्या बाळांना काचपेटीत वारंवार सुया टोचाव्या लागतात, त्याचा ताण येतो. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक एरवी सकाळी जास्त, रात्री कमी असतं; यातल्या काही मुलांत ही लय पुढेही वेगळी दिसते. म्हणून अशा मुलांचं गोंगाटात बावरणं, लक्ष उडणं याला लगेच हट्टीपणा म्हणू नका.

सध्या एवढंच:

- बाईंना जन्माची हकिकत सांगा. मी लपवली, वर्षभर पोरगी बोलणी खात राहिली.
- झोपेची वेळ मोडू नका, लग्नसराईतसुद्धा!
- डोळे-कान तपासा.

कॉर्टिसॉल तपासायला धावू नका, एका आकड्यावरून काही कळत नाही. जाऊबाईंच्या पोराशी तुलना तर नकोच. शिकवणीचं दिवाळीनंतर बघू.