मुत्सद्देगिरी, पामोलीन आणि आगाऊ भरलेली फी

प्रश्न (थोडक्यात): लातूरला माझा खाद्यतेलाचा घाऊक धंदा आहे. मुलगी राज्यशास्त्र घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे, बारावीला ७८ टक्के होते. तिने परराष्ट्र सेवेत जावं म्हणून पुण्यातल्या यूपीएससी क्लासची दोन वर्षांची फी भरून ठेवली आहे. पण तिने सगळं वर्ष इजिप्त आणि इंडोनेशियाच्या संबंधांवरच्या प्रकल्पात घालवलं. ज्या देशांशी आपलं काही देणंघेणं नाही, त्यात करिअर कसलं? प्रकल्प सोबत जोडला आहे. तिला चार शब्द समजावून सांगा.

उत्तर:

चार शब्द सांगतो, पण आधी तुम्हाला.

तुमच्या पत्रात क्लासचं नाव आहे, फीचा आकडा आहे, वसतिगृहाचं भाडं आहे, चुलतभावाचा मुलगा उपजिल्हाधिकारी झाला तेही आहे. मुलीला काय हवंय, याची एक ओळ नाही. फी भरण्याआधी तिला विचारलं होतं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. आता निकाल काहीही लागो, घरात पुढची पाच वर्षं ‘एवढे पैसे भरले’ हे वाक्य फिरत राहणार आणि ते तिनेच ऐकायचं. २१ वर्षं पूर्ण झाली की ही परीक्षा देता येते आणि खुल्या प्रवर्गालाही ३२ पर्यंत मुभा असते. मग घाई कोणाला झालीय? प्रकल्प तर तुम्ही पुरावा म्हणून जोडलात, पोरगी वेळ वाया घालवते याचा. तो मी पूर्ण वाचला. तुम्ही वाचलेला नाही, हे पैजेवर सांगतो.

मार्गांचं म्हणाल तर परराष्ट्र सेवेला यूपीएससी, पदवी कुठल्याही शाखेची चालते, जागा वर्षाला पन्नासच्या आगेमागे. जेएनयूत एम.ए.साठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा, परदेशी व्यापार शिकवणाऱ्या आयआयएफटी या संस्थेसाठी कॅट. हे क्लासवाल्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल.

त्यांनी सांगितलं नसेल ते असं. आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे म्हणजे राजदूत व्हायचं आणि राजदूत व्हायचं तर आत्तापासून तेच घोकायचं, हा समज पुण्यापासून लातूरपर्यंत मला रोज भेटतो. आपल्या परराष्ट्र सेवेत निवड झाल्यावर अधिकाऱ्याला एक परकी भाषा दिली जाते. अरबी मिळालेले बरेच जण ती शिकायला कैरोलाच जातात. म्हणजे तयारीचा तो भाग सरकार स्वतःच करून घेतं. तिकडे इंडोनेशियाने १९९९ मध्ये कैरोला राजदूत पाठवले ते कुरेश शिहाब, कैरोतल्याच अल-अझहर विद्यापीठात कुराणाच्या भाष्यावर डॉक्टरेट केलेले पंडित. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झालेले अब्दुर्रहमान वाहिद हेही काही काळ अल-अझहरला शिकायला होते. आजही हजारो इंडोनेशियन मुलं कैरोत शिकतात. या दोन देशांमधली सर्वांत टिकाऊ ये-जा या विद्यार्थ्यांची आहे आणि त्यांतला कुणी आंतरराष्ट्रीय संबंधांचा क्लास लावून तिथे गेलेला नाही.

आता तुमचं ‘देणंघेणं नाही’. अहो, तुम्ही पामोलीनचे डबे विकता ना?

२०२२ चा एप्रिल आठवा. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडकलेलं, त्यात इंडोनेशियाने २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यातच बंद केली, ती २३ मेपर्यंत. तुमच्या दुकानातले भाव तेव्हा कुठे गेले होते ते मी तुम्हाला सांगायला नको. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करतो तो आपणच. इजिप्तची गत आपल्याहून वाईट, खाद्यतेल जवळजवळ सगळं बाहेरून येतं. शिवाय डॉलरचा तुटवडा, म्हणून त्याच वर्षीच्या मार्चपासून आयातदारांना बँकेचं पतपत्र (पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) सक्तीचं केलेलं, आणि माल बंदरात पडून. वर्षअखेरीस ती सक्ती मागे घ्यावी लागली. दोन वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, एका दिवसात इजिप्शियन पौंड डॉलरला ३१ च्या आसपासवरून ५० वर गेला. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरून निघालेल्या तेलाचा आणि कॉफीचा कैरोतला भाव अशा गोष्टींवर ठरतो. तो हिशोब समजणारा माणूस तेल कंपनीला लागतो, जहाज कंपनीला लागतो, विमा कंपनीला लागतो, बँकेच्या व्यापार विभागाला लागतो. राजदूतालाही लागतोच.

प्रकल्पाचा पहिला भाग सुरेख आहे. मार्च १९४७ मध्ये मुंबईतले इजिप्तचे महावाणिज्यदूत अब्दुल मुनीम अरब लीग या अरब देशांच्या संघटनेचा, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याला मान्यता देण्याचा संदेश घेऊन डच नाकेबंदीतून तिथल्या तेव्हाच्या राजधानीत, योग्याकार्ताला पोचले, आणि १० जूनला कैरोत इजिप्तचे पंतप्रधान नुक्राशी पाशा आणि इंडोनेशियाच्या वतीने हाजी अगुस सलीम यांनी मैत्री करारावर सह्या केल्या, डच राजदूताचा विरोध न जुमानता. हे तिने चांगलं रंगवलंय. मुंबईचा धागा तर परीक्षकांच्याही लक्षात आला नसेल. पण १९५५ च्या बांडुंग इथल्या आशिया-आफ्रिका परिषदेनंतर तिची गाडी घसरते. इजिप्तचे नासर, इंडोनेशियाचे सुकार्नो, बंधुत्व, एकजूट, मग थेट ब्रिक्स या देशगटातला प्रवेश (इजिप्त २०२४, इंडोनेशिया २०२५) आणि एप्रिल २०२५ मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष प्राबोवो कैरोला गेले तेव्हाची ‘सामरिक भागीदारी’. सगळी भाषणं उतरवून काढलेली. इंडोनेशिया विकतो भरपूर आणि इजिप्तकडून घेतो त्या मानाने थोडं, हा या नात्यातला जुना कल तिने एका वाक्यात उरकलाय. गुण कापायचे तर मी तिथे कापेन.

म्हणून तिला एवढंच सांगा. पदवी पूर्ण कर, अरबी किंवा बहासा इंडोनेशिया यांतली एक भाषा आजपासून धर. दोन्ही देशांची वाणिज्य दूतावासं मुंबईत आहेत. परदेशी विद्यार्थ्यांना भाषा-कला शिकवणारी इंडोनेशिया सरकारची ‘दर्मासिस्वा’ ही शिष्यवृत्ती आहे, तिची जाहिरात आली की अर्ज कर. व्यापाराच्या आकडेवारीत १५११ या संकेतांकाखाली पामतेल सापडतं. त्यातले २०२२ चे आकडे महिन्यागणिक काढून प्रकल्पाचा शेवट पुन्हा लिही. त्यानंतर तिला आयआयएफटी हवं असेल, जेएनयू हवं असेल किंवा यूपीएससीच द्यायची असेल, तर ते तिने ठरवावं.

तुमच्याकडे दोन कामं. क्लासकडे फी परत मागा. सगळी मिळणार नाही, पण मागा. आणि कांडला बंदरातल्या ज्या ब्रोकरकडून तुम्ही माल उचलता, त्याच्याशी तिचं फोनवर बोलणं करून द्या. ती बोलत असताना तुम्ही शेजारी बसू नका.