आधी रिलीव्हरला जप

तू लिहिलंयस की वय २४, बॉम्बे हायवर, म्हणजे समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्रावर, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनचं काम मिळतंय, १४ दिवस समुद्रात आणि १४ दिवस बडोद्यात. आई घरी एकटी, आणि तिकडे आपलं म्हणावं असं कुणी भेटेल का, ही धास्ती.

मी २१ वर्षं ही ये-जा केली. दांडिया बाजारातून निघून रात्रीची गाडी, पहाटे बोरिवली, जुहूला हेलिकॉप्टरसाठी सामानासकट वजन, की मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर भर समुद्रात उतरायचं. बारा तासांची शिफ्ट, एका खोलीत चौघं, जेवायला एकच गॅली. तिसऱ्या दिवशी कोण झोपेत बोलतो तेही कळतं. तेव्हा माणसं भेटतीलच.

मला सांगायचंय ते तुझ्या रिलीव्हरबद्दल, म्हणजे तू सुट्टीवर गेलास की तुझी जागा घेणाऱ्याबद्दल. तुझंच काम, तुझाच बंक, तुझाच ड्रॉवर. फक्त तू असताना तो नसतो. माझा काकीनाड्याचा होता. आमची भेट म्हणजे क्रू चेंजच्या दिवशी चार्ज देता-घेता जेमतेम अर्धा तास. पण ड्रॉवरमध्ये मी बडोद्याचा लीलो चिवडा ठेवून यायचो, परतलो की तिथे गोंगुऱ्याचं लोणचं असायचं.

एकदा गॅस डिटेक्टर कॅलिब्रेट करताना, त्याचा सिग्नल तात्पुरता अडवणारा इन्हिबिट मी लावला. तो काढायचा राहिला, आणि हँडओव्हरच्या वहीतही लिहिला नाही. म्हणजे तिथे गॅस सुटला असता तर आपोआप शटडाऊन झालं नसतं. त्या रात्री घरचा फोन वाजला. तो म्हणाला, "पॅनेलवर पिवळा दिवा दिसला. मी नॉर्मल केलंय, वहीतही लिहिलंय. आता झोप." पुढे कधीही त्याने तो विषय काढून मला खाली पाहायला लावलं नाही. पण त्यानंतर पॅनेलवरचा एकेक दिवा बोटाने मोजल्याशिवाय मी हेलिकॉप्टरकडे गेलो नाही.

आणि २७ जुलै २००५. बॉम्बे हाय नॉर्थवर, बोटं कापलेल्या एका स्वयंपाक्याला उपचारासाठी जहाजावरून प्लॅटफॉर्मवर घेताना जहाज राइजरवर, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या गॅसच्या उभ्या पाइपवर, आदळलं. गॅस पेटला, सगळा प्लॅटफॉर्म गेला. ३८४ पैकी ३६२ जण वाचले, २२ गेले. मी सुट्टीवर होतो, तो दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर ड्यूटीवर. टीव्हीवर नुसता धूर दिसत होता. आदल्याच दिवशी मुंबई पावसात बुडालेली, तिथले फोन लागत नव्हते. त्याच्या बायकोकडे एकच नंबर होता, आमच्या घरचा. तिला मराठी येत नाही, माझ्या आईला तेलुगू नाही. आईने रिसीव्हर कानाला धरून ठेवला आणि मोडक्या हिंदीत एवढंच म्हणत राहिली, "वो दूसरे प्लेटफॉर्म पे है, बेटा." त्याचा निरोप येईपर्यंत दोघी दर तासाला बोलत होत्या.

मस्टर ड्रिलला, म्हणजे संकटात एका जागी जमायच्या सरावाला, जाताना लाइफजॅकेट नीट बांध, रोजचीच आहे म्हणून ढिलाई नको. पावसाळ्यात हेलिकॉप्टर उडालं नाही तर दोन-तीन दिवस जास्त अडकायला होतं; तेव्हा घरी खरं काय ते कळवणारा तुझा रिलीव्हरच असतो, कारण तोही जुहूला तुझ्यासाठीच खोळंबलेला असतो. म्हणून पहिल्याच ट्रिपला आईचा नंबर त्याच्या हाती दे, त्याच्या घरचा तू घे, आणि दोन्ही घरांना एकदा आपसात बोलू दे.