इलेक्ट्रिक गिटारला कोणत्या जाडीच्या तारा लावाव्यात: 9, 10 की 11?

तुम्ही आठ महिन्यांपासून स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारवर 9-42 चा संच वापरत आहात, आणि लेस पॉल पद्धतीची गिटार वाजवणारा तुमचा मित्र '11 चा संच लावल्याशिवाय आवाजाला वजन येत नाही' असे सांगतो, म्हणून तारा बदलाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. मित्र आपली गिटार अर्ध्या स्वराने उतरवून लावतो, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते उत्तर त्याच वाक्यात आहे.

पाकिटावरचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. 9 म्हणजे 0.009 इंच, अर्थात सुमारे 0.23 मिलिमीटर, ही सर्वांत बारीक पहिली तार आणि 42 ही सर्वांत जाड सहावी. परंतु बोटांना जी जाणवते ती जाडी नव्हे, ताण. आणि हा ताण जाडीवर, तारेच्या मोकळ्या लांबीवर आणि ती कोणत्या स्वराला चढवली आहे यावर, अशा तिन्ही गोष्टींवर अवलंबून असतो, तोही प्रत्येकीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणूनच 9 आणि 10 यांत फरक केवळ एका हजारांशाचा दिसला तरी पहिल्या तारेचा ताण जवळजवळ चोवीस टक्क्यांनी वाढतो. तारेची मोकळी लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर सहाही तारा मिळून 9-42 चा संच मानेवर सुमारे 39 किलो आणि 10-46 चा संच सुमारे 47 किलो ओढ देतो. सतारीच्या बाजाच्या तारेचे उदाहरण घ्या: ती साधारण 0.30 मिलिमीटरची, म्हणजे गिटारच्या हिशेबाने जवळपास 12 ची असते, तरीही तिच्यावर चार-पाच स्वरांची मींड निघते, कारण ती बरीच लांब असली तरी पुष्कळ खालच्या स्वराला लावलेली असते. नुसता गेजचा, म्हणजे जाडीचा, आकडा सांगून काहीच कळत नाही, ते असे.

आता तुमच्या मित्राचा हिशेब मांडू. तुमच्या गिटारची तार साडेपंचवीस इंच आहे, त्याची बहुधा पावणेपंचवीस; एवढ्यानेच त्याच्या तारांचा ताण सुमारे सहा टक्क्यांनी घटतो. शिवाय अर्धा स्वर उतरवल्याने आणखी अकरा टक्के जातात. तुमच्या गिटारवर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये 11 ची पहिली तार सुमारे 8.9 किलो ताण धरील, त्याच्या गिटारवर मात्र ती सुमारे 7.5 किलोवरच थांबते, आणि तुमच्याकडे जवळजवळ तेवढाच ताण 10 ची तार देते. म्हणजे तो ज्या 11 चे गुण गातो, ती तुमच्या हातात 10 आहे. याच न्यायाने पूर्ण स्वर खाली लावलेल्या 10 च्या तारा बोटांना 9 सारख्या लागतात, आणि खूप खाली ट्यूनिंग करणारे वादक 10-52 सारखा, खाली जाड तारा असलेला संच का घेतात, तेही यावरून कळते.

आवाजाच्या वजनाबद्दल मी थोडा साशंक आहे. जाड तारेत पिकअपसमोर (तारेचे कंपन टिपणाऱ्या चुंबकासमोर) अधिक धातू हलतो, खालच्या तारा जोरात छेडल्या तरी ढिल्या वाटत नाहीत, हे खरे. पण ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन 13 ची पहिली तार लावत असे म्हणून जे भारावतात, ते तोही अर्धा स्वर उतरवत असे हे विसरतात, आणि 7 च्या तारा वापरणाऱ्या, झेडझेड टॉप बँडच्या बिली गिबन्सच्या आवाजाला कोणी किरकोळ म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ब्लॅक सॅबथ बँडचा डावखुरा गिटारवादक टोनी आयोमी याने 1965 साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावल्यावर नाइलाजाने बारीक तारा स्वीकारल्या आणि पुढे ट्यूनिंगही खाली नेले. त्याच्याइतका भारदस्त आवाज फार थोड्यांचा आहे.

एक सावधगिरी मात्र अनुभवाने सांगतो. मी एकदा हौसेने तरंगत्या ट्रेमोलोच्या (ज्यात तारा धरणारा ब्रिज स्प्रिंगांच्या ओढीवर तोललेला असतो अशा) गिटारवर 9 काढून थेट 11 चढवल्या, तर ब्रिजची मागची बाजू उचलली गेली, तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून) उंच झाल्या आणि तिसरी तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत अडकून दर बेंडनंतर (तार बाजूला ओढून स्वर चढवल्यानंतर) 'टिंग' करून बेसूर होऊ लागली. जाडी बदलली की मागच्या स्प्रिंगा, ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी सळई), नटच्या खाचा आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर लागतो का ते) एकदा तपासावेच लागते; एका पायरीचा बदल असेल तर हे काम बहुधा घरीच उरकते, दोन पायऱ्यांना कारागिराकडे जाणे शहाणपणाचे.

तुमच्या जागी मी आधी एक परीक्षा घेतली असती: तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवरचा स्वर बेंड करून नवव्या फ्रेटच्या स्वराशी मिळवावा. तो सहज मिळत असेल, किंबहुना पुढे निसटत असेल, आणि साधे कॉर्डही दाबाने चढे लागत असतील, तर तुमचा हात 9 साठी जड आहे, 10-46 घ्या. बेंड जेमतेम पोहोचत असेल, पण खालच्या तारा लडबडतात अशी तक्रार असेल, तर 9-46 चा मिश्र संच मिळतो, आणि वरच्या तीन तारा त्याच राहत असल्याने हाताची सवय मोडत नाही. बेंडच होत नसेल, तर अजून सहा महिने 9-42 वरच राहा आणि मित्राला त्याची गिटार अर्धा स्वर चढवून वाजवायला सांगा.