माइंडफुलनेसमुळे शिक्षकांचा बर्नआउट खरंच टळतो का?

थोडा टळतो. सगळा टळेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. (माइंडफुलनेस म्हणजे आत्ता आपल्यात आणि आजूबाजूला काय चाललंय याकडे शांतपणे लक्ष देणं; बर्नआउट म्हणजे कामाच्या ताणाने आतून पार थकून जाणं.)

मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तुम्ही लिहिलंय, की घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही आणि वर्गात क्षुल्लक कारणावरून मुलांवर ओरडलं जातं. यातलं ओरडणं आधी आटोक्यात येतं, असं माझं मत आहे.

मधली सुट्टी संपलेली असते. नळावर खिचडीच्या ताटांचा खणखणाट, दोघं पट्टीवरून भांडतायत, खिशात ग्रुपवर 'अतितातडीचे, आजच भरणे' येऊन पडलेलं. अशा वेळी वर्गाच्या दारात थांबायचं. डोळे उघडेच ठेवायचे, मुलं बघत असतात! तळपाय जमिनीला टेकलेत तिकडे लक्ष द्यायचं आणि तीन श्वास नुसते येऊ-जाऊ द्यायचे. जबडा आवळलाय, खांदे कानापर्यंत चढलेत, हे तेव्हा कळतं. कळलं की पहिलं वाक्य जरा हळू निघतं. बस, एवढंच. पहाटे उठून अर्धा तास बसणं जमलं तर उत्तम. पण डबे, बस, दाखल्यांच्या सह्या यात ते आठवडाभरही टिकत नाही.

ब्रिटनमध्ये ८५ शाळांत माइंडफुलनेस शिकवण्याचा मोठा अभ्यास झाला, निकाल २०२२ साली आले. मुलांच्या मानसिक आरोग्यात विशेष फरक पडला नाही; शिक्षकांचा बर्नआउट मात्र काहीसा कमी झाला, आणि वर्षभरात तो परिणामही ओसरत गेला. म्हणजे सराव सोडला की पुन्हा जैसे थे, असं मी धरून चालतो.

उरलेला भाग श्वासाने सुटणारा नाही. माहिती, ॲप, सर्वेक्षणं यांचा ढीग कुणीतरी आपल्यावर टाकलेला आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना द्यायला मनाई करतं. मुख्याध्यापकांना लेखी द्या, संघटनेतून द्या, एकट्याने भांडू नका. प्रशासनच 'तणावमुक्ती शिबिर' घेऊन त्याचाही अहवाल मागतं, तेव्हा मला हसू येतं.

झोप उडाली असेल, शाळेच्या विचारानेच रडू येत असेल, तर इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना (मौन पाळून ध्यान करण्याच्या) शिबिराचा विचार आत्ता नको. आधी डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.