परप्रांतीय मजूर, कडक कायदे आणि आपल्या मुलांचे काम

प्रश्न : मॅडम, मी साखळीचा. मुलाने आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला, पण हाताला धड काम नाही. कुठल्याही बांधकामावर जाऊन पाहा, सगळे बाहेरचे. त्यात बांगलादेशी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अमेरिकेतल्या काही राज्यांनी बेकायदा आलेल्यांविरुद्ध स्वतःचे कडक कायदे केल्याचे वाचले. गोव्यानेही तसा कायदा केला तर बाहेरचे जातील आणि कामे आपल्या मुलांना मिळतील. यात चूक काय?

उत्तर : तुमची तळमळ मला समजते. फोंड्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले, त्यामुळे शिकून रिकामी बसलेली मुले मी जवळून पाहत आले आहे. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. गदगचा किंवा झारखंडचा मजूर भारतीय नागरिक आहे. देशात कुठेही राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क त्याला घटनेच्या १९व्या कलमाने दिला आहे. कुठलीही विधानसभा तो काढून घेऊ शकत नाही. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडून आलेला परदेशी माणूस निराळा, पण त्याच्याविषयीचा कायदा करणे हे संसदेचे काम. १ सप्टेंबर २०२५ पासून तर त्यासाठी नवा केंद्रीय कायदाच लागू आहे. अमेरिकेतही हा विषय केंद्राचाच. ॲरिझोनाने २०१० मध्ये केलेल्या कायद्याची चार कलमे सर्वोच्च न्यायालयापुढे गेली आणि जून २०१२ मध्ये त्यातली तीन रद्द झाली. टिकला तो त्याच राज्याचा २००७ चा वेगळा कायदा, कारण तो मजुरावर नव्हता, मालकावर होता: बेकायदा आलेल्याला जाणूनबुजून कामावर ठेवले तर धंद्याचा परवाना जाईल.

आता अलाबामाकडे या. तिथला जून २०११ चा कायदा देशातला सर्वांत कडक मानला गेला. पोलिसांनी संशय आला तर कागद तपासायचे, शाळांनी मुलांची कायदेशीर स्थिती विचारायची, बेकायदा आलेल्या माणसाशी केलेला करार कोर्टाने मानायचा नाही. सप्टेंबरअखेर न्यायालयाने त्यातली बरीच कलमे लागू होऊ दिली, आणि कोणाला अटक होण्याची वाट न पाहता माणसे घरे सोडून निघाली. टोमॅटो शेतात राहिले. कोंबड्या कापण्याच्या कारखान्यांना माणसे मिळेनात. नोव्हेंबरात तर मर्सिडीजचा एक जर्मन अधिकारी पोलिसांनी पकडला. तो भाड्याच्या गाडीत होता आणि जवळ फक्त जर्मन ओळखपत्र होते. त्याच कंपनीचा मोठा कारखाना त्या राज्यात आहे. कळंगुट-हणजुण्याला भाड्याच्या स्कूटरवरून फिरणारे पर्यटक ज्या राज्याचे पोट भरतात, त्या राज्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा असे मला वाटते.

अलाबामा विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ सॅम्युअल ॲडी यांनी २०१२ च्या सुरुवातीला हिशेब मांडला. ४० ते ८० हजार कामगार गेले तर राज्याचे उत्पन्न वर्षाला २.३ ते १०.८ अब्ज डॉलरनी घटेल, असा त्यांचा अंदाज होता. दोन टोकांत एवढे अंतर आहे, कारण नेमके किती जातील हे कोणालाच सांगता येत नव्हते. पण घट कशी होते हे त्यांनी स्पष्ट केले: गेलेला माणूस फक्त मजूर नसतो. तो भाडेकरू असतो, गिऱ्हाईक असतो, प्रत्येक खरेदीवर विक्रीकर भरत असतो. २०१३ मध्ये राज्याने तडजोड करून बरीच कलमे सोडून दिली.

शेजारच्या जॉर्जियात त्याच वर्षी तसाच कायदा झाला. शेतीखात्याने पाहणी केली तर ११ हजारांहून जास्त जागा रिकाम्या निघाल्या. तेव्हाचे गव्हर्नर नेथन डील यांनी प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) सुटलेल्या, बेकार असलेल्या लोकांना शेतावर पाठवायचे सुचवले. तसे काही जण गेलेही, पण उन्हात वाकून काकडी तोडायच्या कामाला बहुतेक टिकले नाहीत. ते आळशी होते असे मी म्हणणार नाही. घरापासून लांब, काही आठवड्यांचे, नगावर पैसे देणारे काम संसार असलेल्या माणसाला परवडत नाही. साखळीचा मुलगा सेंटरिंगच्या कामावर जात नाही, त्याचेही कारण तेच आहे. त्यात लाज मानण्यासारखे काही नाही.

तुमच्या मुलापुरते बोलायचे तर मला २०२० चे फोंडा आठवते. मे महिन्यात मडगाव, थिवी, करमळीहून श्रमिक गाड्या सुटल्या आणि मजूर आपापल्या गावी गेले. बांधकामाला परवानगी होती, दुकानात सिमेंट होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराचा स्लॅब पडायचा होता. सेंटरिंगच्या प्लेटा लागलेल्या, सळ्या बांधून झालेल्या, वायरमन पाइप टाकून गेलेला. स्लॅब ओतायला गँग नाही. पाऊस सुरू झाला, सळ्यांवर गंज चढला, प्लेटांचे भाडे चढत गेले. तो वायरमन आपल्याच कुर्टी गावचा. स्लॅब पडून भिंती उभ्या राहिल्याशिवाय त्याचे पुढचे काम नाही. टाइल्स बसवणारा, रंगारी, चिरे आणणारा टेंपोवाला, सगळे स्थानिक आणि सगळे बसून. हार्डवेअरच्या दुकानदाराने मला उधारीची वही उघडून दाखवली. जून-जुलैची पाने जवळजवळ कोरी होती. त्या ऑगस्टात मासेमारीबंदी उठूनही खलाशी न आल्यामुळे कितीतरी ट्रॉलर जेटीवरच राहिले, आणि बर्फाच्या कारखान्यापासून मासे विकणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना त्याची झळ लागली.

महामारीत इतरही कारणे होती, हे मान्य. पण खालचे काम थांबले की वरचे थांबते, हे तेव्हा उघड्या डोळ्यांनी दिसले. तुमच्या मुलाचे काम त्या गँगच्या कामावर उभे आहे.

दुसरी बाजूही सांगते. ॲरिझोनात बेकायदा आलेल्यांची संख्या खरोखरच घटली. मूडीज या पतमापन संस्थेच्या विश्लेषणात २००८ ते २०१५ या काळात राज्याची अर्थव्यवस्था त्यामुळे सरासरी सुमारे २ टक्क्यांनी लहान राहिली असे आले. पण शेतातल्या आणि बांधकामावरच्या मजुरीत वाढही झाली, शाळा-दवाखान्यांवरचा काही खर्चही वाचला. म्हणजे काही स्थानिकांचा फायदा झाला. मात्र २००८ मध्ये घरबांधणीचा धंदा कोसळला होता, त्याचा वाटा वेगळा काढणे कठीण. शिवाय कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना असे दिसले की राहिलेले बरेच जण पगारपत्रकावरून उतरले आणि ‘स्वतंत्र ठेकेदार’ होऊन तेच काम करू लागले. कागद तपासले जात होते, मजुरी कोणी तपासत नव्हते.

माझे म्हणणे नेमके इथे आहे. ठेकेदाराला बाहेरचा माणूस हवा असतो, कारण तो कमी रोजावर काम करतो आणि तक्रार करत नाही. त्याच्या मनातली भीती वाढवली तर तो आणखी स्वस्त होतो, आणि तुमचा मुलगा त्या मानाने आणखी महाग. त्याऐवजी साइटवरचे मस्टर, म्हणजे हजेरीपट, तपासा. किमान वेतन मिळते का, पीएफ-ईएसआय भरला जातो का, ठेकेदाराकडे परवाना आहे का, हे मजूर साखळीचा आहे की साहिबगंजचा हे न विचारता पाहा. सगळ्यांना सारखे पैसे द्यावे लागले की बाहेरून माणूस आणण्यातला मोठा फायदा संपतो. यातले बहुतेक राज्य सरकारच्या हातात आजही आहे, त्याला नवा कायदा लागत नाही. आमदाराला भेटाल तेव्हा मागायचे ते हे मागा.

प्रश्न : मी पेडण्याची. आम्ही बायका भातलावणी-कापणीला आणि काजूच्या हंगामात रोजावर जातो. बाहेरचे गेले तर निदान आमचा रोज तरी वाढेल ना?

उत्तर : ताई, हा प्रश्न अमेरिकेने स्वतःवरच तपासून पाहिला आहे. १९४२ पासून मेक्सिकोचे शेतमजूर हंगामापुरते, सरकारी करारावर तिकडे जात. १९६४ अखेर ती योजना बंद केली, ती देशी शेतमजुरांचा रोज वाढावा याच हेतूने. जवळजवळ पाच लाख माणसे गेली. अर्थतज्ज्ञ मायकल क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने दप्तर काढून २०१८ मध्ये तुलना प्रसिद्ध केली: ज्या राज्यांत हे मजूर खूप होते आणि ज्यांत मुळीच नव्हते, दोन्हीकडे रोज सारख्याच वेगाने वाढला होता. शेतकऱ्यांनी जास्त पैसे दिलेच नाहीत. टोमॅटोवाल्यांनी तोडणीचे यंत्र घेतले. ज्या पिकांना यंत्र नव्हते, ती कमी लावली.

आपल्याकडे काय होईल याचा अंदाज तुम्हालाच माझ्यापेक्षा चांगला असेल. भाताला रोज परवडेनासा झाला की शेत पडीक राहते, नाहीतर कापणीचे यंत्र भाड्याने येते. सावईवेऱ्याला आमच्या भावाच्या कुळागरात एकदा नारळ पाडणारे पाडेली मिळाले नाहीत. नारळ आपोआप पडतील तेवढेच गोळा झाले, आणि नारळ सोलायला येणाऱ्या गावातल्या बायकांचे रोज बुडाले.

तुमचा रोज वाढण्याचा रस्ता दुसरा आहे. त्याच बांधावर पुरुषाला किती मिळतात आणि तुम्हाला किती, हे आधी विचारा. समान कामाला समान वेतनाचा हक्क कायद्याने १९७६ पासून आहे. शेतीच्या कामाचा किमान रोज सरकार ठरवते. तो मजूर आयुक्तांच्या कार्यालयात कळेल. एकटीने जाऊ नका, चारपाच जणी मिळून जा.

प्रश्न : पर्वरीला माझ्या खोल्या मजुरांना भाड्याने दिल्या आहेत. त्यातले काही बंगाली बोलतात. शेजारी म्हणतात, हे बांगलादेशी, काढून टाका. काय करावे?

उत्तर : बंगाली पश्चिम बंगालमध्ये बोलतात, त्रिपुरात बोलतात, आसामच्या बराक खोऱ्यात बोलतात. भाषेवरून नागरिकत्व ठरत नाही. आणि ते ठरवणे तुमचे काम नाही, शेजाऱ्यांचेही नाही. तुमचे काम भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात देणे आणि पोच घेणे. आधारकार्डाची प्रत जोडा, पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हेही ध्यानात असू द्या. मूळ गावचा पत्ता आणि त्यांना कामावर आणणाऱ्या मुकादमाचे नाव-फोन लिहून घ्या. कोणी परदेशी पासपोर्टवर राहायला आला तर मात्र त्याची नोंद सरकारकडे २४ तासांत करायची, त्यात हयगय नको.

भाडे रोख घेत असाल तर दर महिन्याला पावती द्या, आणि तिच्यावर खोलीत किती जण राहतात ते लिहा. एका खोलीत दहा-बारा जण कोंबलेले असतील तर शेजाऱ्यांची खरी तक्रार बहुधा पाण्याची आणि संडासाची असते. ती आधी सोडवा.